ओव्हाळ बाई आणि एक जून

मीरा आणि ईशान,

परवा मीराने गृहपाठाच्या पानाचा फोटो पाठवला. त्यावर ३x + ५ = २० असं समीकरण होतं आणि खाली तिचा प्रश्न होता, की आधी पाचच का वजा करायचे, आधी तीनने भागलं तर काय बिघडतं. मी फोनवर दिलेलं उत्तर तुमच्या आईला फार आवडलं. ते उत्तर माझं नव्हतं. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. गणिताशी माझं कधी पटलं नाही. उत्तर ओव्हाळ बाईंचं होतं, आणि तेव्हापासून त्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. म्हणून हे लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण ओव्हाळ बाई इंग्रजीत मावत नाहीत. शब्द अडला तर आईला विचारा.

आधी गाव सांगते. तुमच्या आजोबांचा दवाखाना ईटला होता. मी तिथून एसटीने जवळच्याच एका गावातल्या शाळेत जात असे. आठवी ते बारावीची शाळा. त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही; या गोष्टीतली माणसं अजून तिथे राहतात. शाळेत सगळ्या शिक्षिकांना 'बाई' म्हणत, मला मात्र 'मॅडम'. मी इंग्रजी शिकवते म्हणून. ओव्हाळ बाई रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम हा हुद्दा आहे का विषय?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच माहिती हवी होती.

त्या उंच होत्या, हाडापेराने रुंद, आणि चालताना थोड्या पुढे झुकत, वारा समोरून येत असल्यासारख्या. मनगटावर पुरुषी घड्याळ. पदराच्या टोकाला खडूचे तुकडे बांधलेले, कारण शाळेचा खडू वर्गात जाईपर्यंत कुणीतरी पळवतं असा त्यांचा अनुभव होता. गावात खोली मिळायला त्यांना बराच काळ लागला. खोली रिकामी असायची; आडनाव सांगितलं की ती कालच दुसऱ्याला दिलेली असायची. हे त्यांनी मला एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं. शेवटी त्या विहाराच्या मागे, आपल्या समाजाच्या वस्तीत राहिल्या. तिथून शाळा लांब पडत असे, पण त्यांना उशीर झालेला मला आठवत नाही.

समीकरण शिकवायच्या पहिल्या दिवशी त्या वर्गात डबा घेऊन जात. डबा पिशवीत, आणि पिशवी वरून मोठ्या फडक्यात गच्च बांधलेली. एका पोराला पुढे बोलावून सांगत, डबा काढ. पोरगं गाठ सोडायला लागलं की त्या अडवत. "डबा काढ म्हटलं मी. फडकं कशाला सोडतोस?" वर्ग हसे. पोरगं म्हणे, बाई, फडकं सोडल्याबगर पिशवी कशी निघंल? मग बाई फळ्याकडे वळत. x म्हणजे डबा. आधी त्याला तीनने गुणलं, ती पिशवी. मग पाच मिळवले, ते फडकं. शेवटी बांधलं ते आधी सुटतं. आधी तीनने भागलं तर बिघडत काहीच नाही, पण मग फडक्याचेही तीन तुकडे करावे लागतील, आणि ते फडकं माझं आहे. मीरा, तुला मी हेच सांगितलं होतं. फडक्याचं वाक्य तेवढं गाळलं.

तालुक्याच्या गावी, भूमला शिकवणीला जाणारी मुलं एक नियम पाठ करून येत: बाजू बदलली की चिन्ह बदलतं. बाईंना तो नियम सहन होत नसे. कुणी फळ्यावर पाच उचलून बरोबरच्या चिन्हापलीकडे नेऊन उणे पाच केले, की त्या विचारत, "पाच तिकडं कशानं गेले? चालत का एसटीनं?" मग त्या त्याला दोन्ही बाजूंतून पाच वजा करायला लावत आणि वजा करताना तोंडाने बोलायला लावत. शेजारच्या वर्गातून मला ऐकू यायचं. साठ मुलं एका सुरात म्हणायची, इकडूनही पाच, तिकडूनही पाच. माझ्या वर्गातली मुलं तेवढ्यापुरती इंग्रजी सोडून ओठ हलवायची.

पण त्यांचं खरं वेड पडताळ्याचं. उत्तर आलं की ते मूळ समीकरणात ठेवून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या येतात का. सगळेच गणिताचे शिक्षक हे सांगतात. ओव्हाळ बाईंची रीत पुढची होती. उत्तर चुकलं, पण मुलाने पडताळा करून खाली 'जुळत नाही' असं स्वतःच्या हाताने लिहिलं, तर त्या अर्धे गुण देत. यावरून मुख्याध्यापकांशी त्यांचा दरवर्षी एकदा वाद होई. मुख्याध्यापक म्हणत, बाई, चुकीला गुण दिले तर बरोबरला काय द्यायचं? बाई म्हणत, चुकलंय हे ज्याला स्वतःहून कळलं त्याला शून्य दिलं, तर पुढच्या वेळी तो पडताळाच करणार नाही. किंवा खोटा करील. आपण त्याला खोटं लिहायला शिकवू. मुख्याध्यापक वाईट नव्हते. ते मान हलवत आणि चहा मागवत.

शाळेबाहेर ही सवय लोकांना जड जाई. शिंप्याने ब्लाउज दिला की त्या त्याच्याच दुकानात टेप मागून मोजत. माझ्या घरी मी शिरा केला तर 'छान झालाय' म्हणायच्या आधी दोन घास थांबत. एका शिक्षकाच्या घरी सत्यनारायणाला गेल्या तेव्हा यजमान म्हणाले, बाई, आमचा हा देव नवसाला पावतो. बाईंनी विचारलं, किती जणांना पावला नाही ते लिहून ठेवलंय का? त्यानंतर त्या घरचं बोलावणं त्यांना आलं नाही. मला हे ऐकून हसू आलं होतं. त्यांनाही थोडं वाईट वाटलेलं दिसलं. लोक आपल्याला टाळतात हे त्यांना कळत असे. का टाळतात याची कारणं त्यांच्याकडे दोन होती, आणि कोणतं कारण केव्हा लागू पडतं हे त्यांना कधी ठरवता आलं नाही.

आता स्वाती. तिच्यासाठीच हे सगळं लिहिते आहे.

दर जूनमध्ये आठवीच्या मुलांना बाई एक गृहपाठ देत. पुस्तकातल्या बापलेकांच्या वयाची गणितं करू नका, घरी विचारा. आईला, आजीला विचारा, मी झाले तेव्हा काय चाललं होतं. त्यातून दोन माणसांच्या वयाचं समीकरण बनवा आणि पडताळा करा. मुलांना हे फार आवडे. म्हशीच्या वयाचंही एक समीकरण एका वर्षी आलं होतं.

स्वाती ही भाऊरावांची मुलगी. भाऊराव गावातले मोठे बागायतदार, घरी ट्रॅक्टर, शाळेच्या समितीवर सदस्य. स्वातीला आईने सांगितलं, की थोरला दत्ता सहा वर्षांचा होऊन पहिल्यांदा शाळेत गेला, त्याच आठवड्यात तुझं बारसं झालं. म्हणजे दत्ता तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. दत्ता भूमच्या दवाखान्यात जन्मलेला, त्याचा दाखला पक्का; तो तेव्हा सतरा वर्षांचा होता. स्वातीने मांडलं: x + ६ = १७. उत्तर अकरा. पण शाळेच्या दाखल्यावर ती तेरा वर्षांची होती. तेरा आणि सहा एकोणीस, सतरा नव्हेत. पोरीने दोनदा करून बघितलं आणि खाली लिहिलं, 'जुळत नाही. आई खरं सांगते.'

बाईंनी ते पान शिक्षकांच्या खोलीत आणून मला दाखवलं होतं. त्या खूष होत्या, म्हणजे त्यांच्या मानाने. गौडबंगाल काय ते त्यांना लगेच कळलं होतं, आणि तुम्हालाही सांगायला हवं, कारण तुमचे जन्मदाखले जन्माच्या आठवड्यातच झाले. आमच्याकडे मूल घरी जन्मलं की तारीख कुणी लिहून ठेवत नसे. शाळेत घालताना गुरुजी विचारत, किती वर्षांचा? आई म्हणे, असंल की सहाचा. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून गुरुजी एक जून लिहून टाकत. स्वाती तर चारच वर्षांची होती. दत्ताच्या मागे रडत शाळेत यायची, वर्गात पट कमी होता, गुरुजींनी तिलाही सहाची करून बसवून घेतलं. कुणाचं वाईट करायचं म्हणून नव्हे. तिचं रडणं थांबावं आणि वर्ग टिकावा म्हणून.

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. तारीख दुरुस्त करू या, दहावीच्या आधी करता येते. ते म्हणाले, "बाई, अर्धं गाव एक जूनचं आहे. त्या दिवशी वाढदिवस करायचे म्हटले तर गावात बेकरी काढावी लागेल." खोलीत सगळे हसले. बाईंनी भाऊरावांनाही निरोप धाडला होता. असू द्या म्हणून उत्तर आलं. दाखल्यात थोडं मोठं असलेलं बरं, नोकरीला लवकर लागता येतं. बाईंनी स्वातीला दहापैकी दहा दिले. मग त्या पुढच्या धड्याकडे, बैजिक राशींकडे वळल्या.

मी पुढे निवृत्त झाले. माझी जन्मतारीख सोलापूरच्या दवाखान्यातली, खरी. माझा निरोप समारंभ ऑगस्टमध्ये झाला, पावसाने मांडव गळत होता.

एका मे महिन्यात, भर दुपारी, ओव्हाळ बाई आमच्या ईटच्या घरी आल्या. छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली, खुर्चीत बसल्या, आणि पाणी पुढे केलं तर हाताने बाजूला सारलं. स्वाती बारावी पास झाली होती. तिचं लग्न ठरलं होतं, जूनच्या पहिल्या आठवड्यात. मुलगा पुण्याला नोकरीला, शिकलेला, मागणी काही नाही. एक जूनला स्वाती अठरा वर्षांची होत होती, म्हणून तारीख त्यानंतरची धरली होती. भाऊराव कायदा पाळणारे होते. त्यांनी दाखल्याची प्रत स्वतः ग्रामसेवकाला नेऊन दाखवली होती.

"ती सोळाची आहे, मॅडम," बाई म्हणाल्या. "तिनं स्वतः काढून दाखवलं होतं मला. मी तिला दहापैकी दहा दिले आणि पुढचं उदाहरण घेतलं."

मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही.

त्या आठवड्यात त्या कुठे कुठे गेल्या ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. ग्रामसेवकाकडे गेल्या, कारण बालविवाह थांबवणं हे गावात त्याचं काम असतं. त्याने खुर्ची दिली, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाई, मी कागदावर चालतो. बाईंनी विचारलं, आणि आई काय म्हणते त्याचं? तो म्हणाला, "आईचा शिक्का नसतो." मुख्याध्यापकांकडे गेल्या. ते घाबरले; म्हणाले, एक तारीख खोटी म्हटली तर शाळेतल्या निम्म्या तारखा खोट्या म्हणाव्या लागतील, आणि त्या पोरीची दहावी-बारावी त्याच तारखेवर उभी आहे. हेही खरंच होतं. भाऊरावांच्या दारात मात्र त्या गेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "मी गेले की ते लग्नाचं बोलणार नाहीत, माझं बोलतील." कुणी कुणाच्या घरच्या लग्नात तोंड घालायचं आणि कुणी नाही, याची त्या गावातली रीत त्यांना माझ्याहून चांगली माहीत होती.

बाजाराच्या दिवशी स्वातीची आई ईटला आली होती आणि पाठीच्या दुखण्यासाठी आजोबांच्या दवाखान्यात थांबली होती. बाई त्या दिवशी आमच्याकडेच होत्या. त्या बाहेर जाऊन तिच्याशेजारी बाकावर बसल्या. मी दाराशी होते. बाईंनी लग्नाचं नावही काढलं नाही. बारशाचं विचारलं. ती माउली खुलली. दत्ताची नवी खाकी चड्डी, त्याने पाळण्याची दोरी सोडायला दिलेला नकार, गुरुजींनी त्याला उचलून नेलं ते, सगळं सांगत गेली. मग आपोआपच तिचा आवाज खाली आला.

"बाई, म्या कवा म्हणलं ती अठराची हाय?" ती म्हणाली. "साळंनं म्हणलं. आमी अडाणी मानसं. साळंला खोटं कसं म्हनावं?"

"मी शाळेतलीच आहे. मी म्हणते, खोटं आहे."

"तुमी म्हनता. पन घरात म्या बोलले तर कोन ऐकतंय? कागद बोलतोय, तवा म्या गप."

आजोबांनी तिला आत बोलावलं आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

बाईंचा निरोप समारंभ एकतीस मे रोजी होता. आमच्याकडे निम्मे शिक्षक त्याच दिवशी निवृत्त होतात. कारण आता तुम्हाला कळलं असेल. सुट्टी असूनही शाळेचं सभागृह भरलं होतं. समितीची माणसं पुढच्या रांगेत, त्यांत भाऊराव. मी पाहुणी म्हणून मंचावर. शाल झाली, नारळ झाला, मुख्याध्यापक भावुक होऊन बोलले. ज्या माणसाला आपण घाबरत होतो तो जायला लागला की आपल्याला तो फार आवडायला लागतो, तसं ते भाषण होतं. मग बाई उभ्या राहिल्या. माइक त्यांच्या उंचीला कमी पडत होता, तो त्यांनी वर करून घेतला नाही.

"उद्या एक जून," त्या म्हणाल्या. "माझा वाढदिवस. शाळेच्या हिशोबानं मी अठ्ठावन्नची झाले, म्हणून आज घरी चालले. माझी आई सांगायची, धाकट्या मामाच्या लग्नात मी तिच्या पोटात होते. मामाचं लग्न कधी झालं ते पक्कं माहीत आहे. त्या हिशोबानं मी छप्पन्नची. गुरुजींनी वर्गात बसवून घेतलं म्हणून मी शिकले, त्यांचे उपकार आहेत. दोन वर्षं आधी घरी चाललेय, त्यानं काही बिघडत नाही. घरी जाऊन कुणी मरत नाही. पण त्याच तारखेनं या गावातली एक मुलगी सासरी चाललीय. तीही अठराची नाही. सोळाची आहे."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती; सगळ्या माना पुढच्या रांगेकडे वळल्या.

भाऊराव जागेवरूनच, शांतपणे म्हणाले, "बाई, मग तुमचं पेन्शन बी दोन वर्सांनी चालू करायचं का?"

सभागृह हसलं. खूप हसलं. सुटका झाल्यासारखं हसलं.

"करा," बाई म्हणाल्या. "पोरीचं लग्न बी दोन वर्सांनी करा."

त्या गावात पन्नाशी उलटेपर्यंत शाळेची भाषा बोलत आलेल्या बाईंच्या तोंडून घरची बोली मी पहिल्यांदा ऐकली. हसणं थांबलं. भाऊराव उठून गेले, त्यांच्यामागे आणखी काही जण. उरलेल्यांना चहा आणि चिवडा मिळाला. बाईंशी बोलायला कुणी थांबलं नाही. शाल घडी करून त्यांनी पिशवीत घातली आणि मला म्हणाल्या, "मॅडम, एसटी चुकेल."

लग्न थांबलं. बाईंनी थांबवलं असं मला म्हणता येत नाही. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी स्वातीची आई मुलीला घेऊन तामलवाडीला, आपल्या माहेरी निघून गेली. ऊन फार आहे, पोरीला आजीकडे ठेवते, एवढंच बोलून. लग्नाचा दिवस आला तरी ती परतली नाही. मुलाकडच्यांनी दुसरीकडे बघितलं. ती माउली नंतर एकटी घरी परतली; तिच्या घरात पुढचे महिने काय चाललं असेल ते मी कल्पनेनेही लिहीत नाही. भाऊराव म्हणाले, सोळाची आहे ना, मग तिचा बारावीचा कागद बी खोटाच. बसू दे आजीकडं. स्वातीचं पुढचं शिक्षण थांबलं.

मी त्याच सुमारास ईट सोडून धाराशिवला आले, तुमचे आजोबा गेल्यानंतर. बाईंनीही धाराशिवला खोली घेतली होती. इथे ती लगेच मिळाली. आम्ही संध्याकाळी कधी कधी एकत्र चालत असू. एकदा त्या तामलवाडीला जाऊन आल्या होत्या, आणि त्या दिवशी त्या चालल्याच नाहीत, माझ्या पायरीवर बसून राहिल्या. स्वाती त्यांच्याशी भांडली होती. तिला तो मुलगा आवडला होता. लग्नानंतर पुण्यात नर्सिंगला घालायचं मुलाकडच्यांनी कबूल केलं होतं. आता ना लग्न, ना नर्सिंग, ना वडील बोलतात, ना मैत्रिणी. ती म्हणाली होती, बाई, सगळ्यांनी माझं वय काढलं. तुम्ही एकदा तरी मला विचारलं का?

"खरं आहे, मॅडम," बाई म्हणाल्या. "मी तिच्या आईला विचारलं. ग्रामसेवकाला विचारलं. तिला नाही विचारलं. आम्ही गणितात x काढतो. x ला कुणी विचारत नाही."

मग त्यांनी मला विचारलं, की पुन्हा तीच वेळ आली तर मी काय करावं? हा प्रश्न त्यांनी खरंच विचारला होता, उत्तरासाठी. मी म्हटलं, लग्न थांबवावंच लागलं असतं. त्या म्हणाल्या, ते मलाही माहीत आहे. मी त्यापुढे काय ते विचारतेय. त्याचं उत्तर माझ्याकडे आजही पूर्ण नाही. सोळाव्या वर्षी कुणाला आवडलेला मुलगा ही मोठी गोष्ट नसते असं आपण मोठी माणसं म्हणतो, आणि सोळाव्या वर्षी तर तीच एक गोष्ट असते. तुम्ही दोघं त्या वयाला येताय, म्हणून हेही लिहून ठेवते. मी चुकत असेन तर सांगा.

त्यानंतर बाई दर काही आठवड्यांनी तामलवाडीला जात राहिल्या. आजी ओट्यावर बसवून घेई, पाऊसपाण्याचं बोले. स्वाती आतच असे. बाई तासभर बसून परतत. मी एकदा म्हटलं, तिला राग आहे, कशाला जाता? त्या म्हणाल्या, राग आहे म्हणूनच.

पुढच्या पावसाळ्यात बाई गेल्या. कावीळ झाली आणि फार दिवस काढले नाहीत. अंत्यविधीला शाळेतले बरेच जण आले होते, मुख्याध्यापक रडले. स्वाती आता कुठे आहे आणि काय करते हे मला माहीत आहे, पण ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे आणि तिला विचारून घेतलेलं नाही.

बाईंना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. मला डोळे दाखवायला सोलापूरला जायचं होतं, गाडी ठरवली होती. तामलवाडी वाटेतच लागते, म्हणून बाई बरोबर आल्या. मी त्यांना आजीच्या घरापाशी सोडलं, आणि दुपारी परतताना घ्यायला आले. डोळ्यांत औषध घातलेलं होतं, उन्हात सगळं पांढरं दिसत होतं. ड्रायव्हरला मी म्हटलं, हॉर्न नको वाजवू, थोडं थांब.

ओट्यावर बाई बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर, गुडघे पोटाशी घेऊन, स्वाती. आजी दिसत नव्हती. स्वाती बोलत होती. काय ते गाडीपर्यंत येत नव्हतं. हात हलत होते, मध्येच ती तोंड फिरवून रस्त्याकडे बघे आणि परत सुरू करी. रागाने बोलत होती की सांगत होती, मला माझ्या त्या डोळ्यांनी कळलं नाही. मला बाई तेवढ्या दिसल्या. आयुष्यभर समोरच्याला मध्येच अडवून 'का?' विचारणारी ती बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान थोडी पुढे काढून, गप्प बसून ऐकत होती. आम्ही बराच वेळ थांबलो. गाडी तापली. त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.